सातविणीचा कडू रस

नरकचतुर्दशी, संध्याकाळ

सकाळी कारीट फोडलं, पोहे झाले, आल्यागेल्याचं झालं. पण मन त्या एका पेल्यापाशीच अडकलंय.

दरवर्षी सातविणीची कडू साल हेच काढून आणायचे, वाटून रस काढायचे आणि सगळ्या घराला प्यायला लावायचे. "वर्सभर आजार येवचो नाय" म्हणत. स्वतः प्यायले की एक डोळा मिटून जीभ बाहेर काढायचे. लग्न झाल्यापासून मी त्या तोंडाला हसत आलेय.

यंदा साल आमच्या मुलाने, महेशने आणली. कुडाळच्या डॉक्टरांनी बजावलंय, यांच्या लिव्हरला आता असलं काही सोसणार नाही. पुढचं त्यांनी मला एकटीला बाहेर बोलावून सांगितलं. ते मी पोटातच ठेवलंय. महेशलासुद्धा नाही सांगितलं.

म्हणून यांच्या पेल्यात मी गुपचूप नुसतं पाणी दिलं. यांनी ते पिऊन टाकलं, आणि एक डोळा मिटून जीभ काढली! "काय कडू गो!" सगळे हसले. मीही हसले. यांची चवच गेली की काय? की ओळखलं? दिवसभर डोक्यात तेच.

आता पणत्या लावताना जवळ येऊन हळूच म्हणाले, "पुढच्या वर्साक माका खरो रस दी हां."

म्हणजे पाणी ओळखलंच होतं. आणि ते दुसरं?

"देतंय," मी म्हटलं.

यांनी परत तसाच एक डोळा मिटला. उघडा डोळा भरून आला होता.