लाल रंगासमोरचं नाव

३ डिसें.
वडगावला पाणीपुरवठा खात्याच्या जोखीम आढावा समितीची बैठक. मी अशासकीय सदस्य. लोणावळ्याचा वार्ताहर समितीत बसवला की लिहील कमी, असा हिशेब असावा. चहा बरा होता. नोंदवहीत प्रत्येक जोखमीला धोक्याप्रमाणे रंग: हिरवा, पिवळा, लाल. खात्याच्या सगळ्या पिवळ्या. हिरवी दाखवली तर लेखापरीक्षक शंका काढतात. लाल दाखवली तर समोर जबाबदार माणसाचं नाव लिहावं लागतं. पिवळीला काहीच लागत नाही. जबाबदारी इथे ब्रह्मासारखी. सर्वत्र आहे, हाती लागत नाही.

९ डिसें.
आंदर मावळ. एस.टी.नं जेवढं जाता आलं तेवढं, पुढे पायी. वरच्या वाडीची पाण्याची टाकी पाहिली. खांबांचं सिमेंट गळलंय, आतली सळई उघडी, गंजलेली. आणि बरोबर खाली, सावली मिळते म्हणून, अंगणवाडी. पोरं खिचडी खात होती. सेविका शांतामावशींना विचारलं, वर बघता का कधी?
"वर बगून काय करू? पोरं खाली हायत."
मग म्हणाल्या, "खपली पडती कवाकवा. परवा एकाच्या ताटात पडली. त्याला वाटलं, मावशीनं जादा वाढलं."
त्या हसल्या. मला जमलं नाही.

१७ डिसें.
बैठकीत फोटो दाखवले. म्हटलं, ही टाकी लाल करा. अध्यक्ष, म्हणजे कार्यकारी अभियंता (मी संस्कृत शिकलेला, म्हणून ते मला शास्त्रीबुवा म्हणतात), म्हणाले, "करू की. नाव कुणाचं टाकू?"
उपअभियंता खिडकीबाहेर पाहू लागले. शाखा अभियंता निवृत्तीला आलेले. टाकी बांधणाऱ्यांची बदली झालेली.
शेवटी चिडून म्हणालो, "माझं टाका."
टोमणा होता. साहेब हसले नाहीत. टंकलेखकाला म्हणाले, "घ्या." सर्वानुमते मंजूर.
घरी येईपर्यंत मला चक्क आनंद झाला होता. एकदाची लाल झाली म्हणून.

२ जाने.
खात्याचं पत्र. आपण जबाबदार असलेल्या जोखमीबाबत काय कार्यवाही केली, कळवावे.
साहेबांना फोन. अहो, मला टाकी रिकामी करा म्हणायचाही अधिकार नाही.
"अधिकार आमच्याकडेच आहे, शास्त्रीबुवा. जोखीम तुमच्याकडे. आता मी मध्ये पडलो तर तो हस्तक्षेप होईल."
अत्यंत सुसंस्कृत आवाज.
सुनंदा म्हणाली, "तरुणपणी एकदा असंच पटकन हो म्हणालात. ते मी निभावलं. हे कोण निभावणार?"

५ जाने.
पुन्हा वाडी. सरपंचांना म्हटलं, टाकी भरू नका.
"मग बायांनी पानी कुटनं आनायचं, भाऊ? तुमच्या लोनावळ्यातनं?"
मावशींना म्हटलं, निदान पोरं देवळाच्या मंडपात न्या.
"नेते की. पन मंजूर जागा ही हाय. तपासनीला बाई आल्या, पोरं हितं दिसली न्हाईत, की माजं मानधन कापत्यात. लिवून द्या."
कुणाच्या सहीनं?
"तुमच्या. तुमीच जबाबदार न्हवं? समद्या गावाला ठावं हाय."
दिलं लिहून. सहीखाली 'जबाबदार व्यक्ती'. आयुष्यातलं पहिलं सरकारी पद, स्वतःच स्वतःला दिलेलं.

११ जाने.
पोरं देवळात बसतात. गार लागतं, पण बसतात.
आज खात्याची दोन पत्रं, एकाच पाकिटात. पहिलं: अधिकार नसताना अंगणवाडी हलवली, खुलासा करावा. दुसरं: टाकीखाली आता कोणी बसत नसल्याने जोखीम पिवळी करण्याचा प्रस्ताव, जबाबदार व्यक्तीने सही करावी.
दोन्हींवर सही तीच, साहेबांची. दोनदा वाचलं. अद्वैत समजायला मला इतका वेळ लागला नव्हता.

१४ जाने.
संक्रांत. उद्या बैठक.
सही केली तर टाकी पिवळी, माझं नाव निघालं. मग माझ्या चिठ्ठीलाही कोण विचारतो? पोरं परत मंजूर जागी. नाही केली तर टाकी लाल, पोरं देवळात, आणि ती कोसळली तर पोलीस माझ्या दारात. टाकी रोज सकाळी भरतेच आहे.
साहेबांचा फोन आला. "तिळगूळ घ्या, शास्त्रीबुवा. उद्या एक सही, की तुम्ही मोकळे."
गोडच बोलत होते, सण पाळून.
सुनंदा स्वयंपाकघरात. तीळ भाजतेय. जरा जास्तच भाजतेय.
संध्याकाळी मावशींचा फोन. "भाऊ, उद्या पोरं कुटं बसवू?"
म्हटलं, देवळातच.
"आन् परवा?"
मी पिवळीचा प्रस्ताव समोर ओढला. त्यांनी फोन ठेवला नाही.