दाताला गार लागतं

अण्णा, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि आज तुम्हाला लिहायला बसलेय ते दाताबद्दल. हसू नका. गेल्या महिन्यात समोरच्या फ्लॅटमधल्या सुनेने फ्रिजमधलं कोकम सरबत हातात दिलं आणि पहिल्याच घोटाला उजव्या दाढेतून अशी कळ गेली की डोळ्यांत पाणी आलं. "काकू, काय झालं?" म्हणत तिने माझ्या गालाला हात लावला. कळ तर गेली, पण त्या हातानेच जास्त रडू आलं. दुसऱ्या दिवशी तीच मला दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. कीड नाही, तडा नाही. हिरड्या सरकल्यात आणि दात मुळाशी झिजलेत. "तुम्ही दात घासत नव्हता, तासत होता," म्हणाल्या. मला तुम्हीच दिसलात. डोंबिवलीच्या आपल्या दोन खोल्या, मोरीच्या कठड्याशी तुम्ही, तळहातावर राखुंडी. मी दुसरी-तिसरीत असेन. ब्रश नुसता फिरवून पळायला बघतेय आणि तुम्ही ओरडताय, "घास की जोरात! दात आहेत ते, मोगऱ्याच्या कळ्या नाहीत." शहाडच्या कारखान्यात दिवसभर लोखंड घासणारा माणूस, घासलं की चकाकतं, यावर तुमचा देवापेक्षा जास्त विश्वास. कैरी खाऊन दात आंबले की लगेच मीठ लावून घासायचे, हा तर आपल्या घरचा कायदाच. हे सांगितल्यावर बाईंनी कपाळाला हात लावला. आंबट खाल्ल्यावर अर्धा तास ब्रशला शिवायचं नाही म्हणे. म्हणजे पन्नास वर्षं मी अगदी आज्ञाधारकपणे दातांचं वाटोळं करत होते.

आता मऊ ब्रश, हलका हात, चूळ भरायला कोमट पाणी. झोपताना गार लागण्यावरची खास पेस्ट बोटाने त्या दाढेला लावायची आणि नुसतं थुंकायचं, पाण्याने धुवायचं नाही. हे पेस्टचं मला आधीपासून पाठ होतं, कारण तेच मी तुम्हाला फोनवर सांगायचे. आई गेली होती, तुम्ही डोंबिवलीला एकटे, मी इथे माजिवड्याला नोकरीत गळ्यापर्यंत बुडालेली. रोज संध्याकाळी तुमचं एकच, "दाताला गार लागतं गं." मी म्हणायचे, "पेस्ट लावताय ना? मग येईल गुण. ठेवू?" एकदा चिडून म्हणाले, "अण्णा, दुसरा विषयच नाही का तुमच्याकडे?" तुम्ही मग म्हणालात, "बरं, जेवलीस का?" तुम्ही गेल्यावर कपाट आवरताना मी आणून दिलेल्या चारही ट्यूबा सापडल्या, खोक्यासकट, सील न तोडलेल्या. तेव्हा मला तुमचा भयंकर राग आला. एवढं सांगायचं, विकत आणून द्यायचं, आणि माणूस ऐकत नाही म्हणजे काय! तो राग मी कितीतरी वर्षं सांभाळला.

समोरची सून रोज सकाळी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना माझं दार वाजवते. "काकू, दात कसाय आज? गार लागतं का अजून?" दोन मिनिटं उभी राहते, सासूबद्दल काहीतरी कुरकुरते, घड्याळ बघते आणि ऑफिसला पळते. त्यानंतर दिवसभर माझ्या घरात माणसाचा आवाज नसतो. टीव्ही लावते, पण तो मला काही विचारत नाही. एकटेपणा फार वाईट, अण्णा. तुम्ही तो कधी बोलून दाखवला नाहीत, आणि मीही कधी विचारलं नाही.

हे पत्र घडी घालून कुठेतरी ठेवीन. पाठवणार तरी कुठे? पण एक सांगते. मला पेस्टचा गुण आला. शुक्रवारी फ्रिजमधलं पाणी ग्लासभर प्यायले, काही म्हणजे काही झालं नाही. आज सकाळी तिने दारात विचारलं तेव्हा मात्र मी म्हटलं, "लागतं गं अजून."