गाडी फक्त मागे जाते

१४ ऑक्टोबर, मंगळवार
लायब्ररीजवळच्या सिग्नलला गाडी गेली. म्हणजे गेली नाही, तेच तर. हिरवा लागला, पाय दाबला, इंजिन ओरडलं, चाक हलेना. ड्राइव्हमध्ये काहीच नाही. रिव्हर्स टाकला तर शहाण्यासारखी मागे. शेजारी उषा. म्हणाली, "तुमच्यासारखीच झाली."
मागचा पिकअपवाला उतरून ढकलू लागला. कडेला मेपलची पानं. टो ट्रक येईपर्यंत चौथीतली पानगळीची कविता आठवत बसलो. बाईंनी लावलेली चाल आली, शब्द आले नाहीत.

१५, बुधवार
टेक्सासमधल्या प्लेनोहून निखिलचा फोन. आईने सांगितलेलं दिसतंय. "बाबा, जस्ट जंक इट. अँड कम हिअर." त्याच्याकडे खालची खोली केव्हाची तयार आहे. आजवर माझं उत्तर ठरलेलं, गाडी आहे, डॉक्टर, देऊळ, भाजी आमचं आम्ही बघतो. आज ते उत्तर दारातल्या ड्राइव्हवेत नुसतं उभं.
गाडी घेतली तेव्हा हा मिडल स्कूलमध्ये. मागच्या सीटवर त्याला शाळेतल्या कविता म्हणून दाखवायचो. तो हेडफोन लावायचा.

१७, शुक्रवार
बापट आला. जन्म ट्रान्समिशनच्या टेस्ट लॅबमध्ये काढला त्याने, आता गुडघ्यांमुळे गाडीखाली जात नाही. इंजिन गरम होऊ दिलं, चालू ठेवूनच डिपस्टिक काढली. ट्रान्समिशनच्या तेलाची लेव्हल बरोबर. रंग लाल हवा, तो कॉफीसारखा. वास करपलेला.
मी म्हटलं, एखादा सेन्सर असेल, वायर सुटली असेल. त्याने स्कॅनर लावला. एकही एरर कोड नाही.
"रिव्हर्स चालतोय ना, म्हणजे पंप ठीक. पुढे नेणारा क्लच जळलाय रे. वायरबियर काही नाही."
पोहे खाल्ले. जाताना बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला थोडा. मी न बघितल्यासारखं केलं.

२०, सोमवार
टो करून गॅरेजला नेली. खालचं पॅन उघडलं, तळाशी काळा गाळ. बापटचंच खरं. मेकॅनिक म्हणाला, ट्रान्समिशन खोलून रिबिल्ड होईल, पण माझी असती तर मी केली नसती. शुक्रवारपर्यंत सांगा.
बापटने घरी सोडलं. वाटेत ठरवून टाकलं, करायची.
उषा मेथी निवडत होती. सांगितलं. मान वर न करता म्हणाली, "करा. पण मला निखिलकडे जायचंय."

"गेल्या हिवाळ्यात मी घराबाहेर किती वेळा पडले, सांगा बघू. तुम्ही त्याला नाही नाही म्हणत होतात. मला कुणी विचारलं?"
खरंच कुणी विचारलं नव्हतं. थकलो. लवकर आडवा झालो.

२२, बुधवार
घरात बोलणं कामापुरतं. औषधं, दूध. मी कधीपासून "आमचं आम्ही बघतो" म्हणतोय त्याला, यातलं आम्ही म्हणजे...

२३, गुरुवार
बापटचा फोन, स्पीकरवर. उषा ओट्यापाशी होती, तिथूनच, "भावोजी, क्लच नवा घातला तर टेक्सासपर्यंत जाईल का हो ही?"
पलीकडे त्याने मोठ्याने मैल मोजले. मग, "हळूहळू नेली तर जाईल की, वहिनी."
मग मला, "काय रे, करायचीये ना?"  इथे त्याचं तरी आमच्याशिवाय कोण आहे. उद्या सांगतो म्हटलं.

२४, शुक्रवार
गॅरेजला हो म्हटलं. गाडी पुढच्या आठवड्यात.
फोन ठेवला तेव्हा उषा समोरच बसलेली. वाटलं विचारेल, कशासाठी, इथे राहायला की जायला.  तिने एवढंच विचारलं, यंदा बर्फ कधीपासून म्हणतात.
नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या आसपास, मी म्हटलं.
"बरं, त्याच्या आत," म्हणाली, आणि चहा अर्धा अर्धा केला.