साडेदहाची पोळी

प्रिय नीलम,

"ताई, रोज तीनशे पोळ्या लाटते, पण गरम पोळी खाल्ली कधी ते आठवतच नाही." चौदा वर्षांपूर्वी कणीक मळता मळता तू हे सहज म्हणाली होतीस. तक्रारीचा सूरही नव्हता. मला मात्र त्या दुपारी घास गिळवेना. आपलं पोळीभाजी केंद्र तेव्हा जेमतेम वर्षाचं होतं. बायका यायच्या, काम शिकायच्या आणि दोन महिन्यांत मोठ्या केटरिंगवाल्याकडे निघून जायच्या. त्याच्याएवढा पगार देणं मला झेपत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला मी सगळ्यांना खाली बसवलं आणि स्वतः पोळपाटापाशी उभी राहिले. माझी पहिली पोळी बघून, तेव्हा नुकतीच कामाला लागलेली गोराईची बेटी म्हणाली, "ताई, हा कुठला जिल्हा काढलास?" तू हसत हसत उठलीस, उलथनं घेतलंस. "तुम्ही लाटा, भाजते मी. नाहीतर गॅस फुकट जाईल." तेव्हापासून तो अर्धा तास आपल्या केंद्राचा झाला. डबे थांबतील, पण बायका आधी गरम जेवतील. गोराईहून रोज होडीने येणारी बेटी अजून आपल्याकडेच आहे, ती काही माझ्या पगारावर राहिली नाही.

मध्ये एकदा माझी अक्कल गहाण पडली होती, आठवतं? मालाडच्या ऑफिसची चाळीस डब्यांची ऑर्डर आली, त्यांना डबे लवकर हवे होते. मी तो अर्धा तास बंद केला आणि त्याची भरपाई म्हणून दिवाळीला प्रत्येकीला कुकर दिला. महिन्याभरात दोघी सोडून गेल्या. तू एवढंच म्हणालीस, "ताई, कुकर शिट्ट्या मारतो, पण जेवलीस का ते विचारत नाही." मी त्याच संध्याकाळी ऑफिसला फोन केला, डबे अर्धा तास उशिराच येतील म्हणून सांगितलं. ऑर्डर जाईल, असंच मला वाटलं होतं. ते सहज हो म्हणाले! माणसं धरून ठेवायचं मला जे थोडंफार कळतं, ते तू शिकवलेलं आहे गं.

आणि गेल्या सोमवारी तू सांगितलंस की दहिसरला गाळा मिळालाय, तू स्वतःचं केंद्र काढतेयस. माझ्या तोंडून काय निघावं? "एवढं सगळं केलं तुमच्यासाठी, शेवटी हेच ना!" तू लाटणं उचललंस आणि पुढची पोळी लाटलीस. आठवडाभर आपण मिठाचं-तेलाचं तेवढं बोलतोय. समोर बोलायला गेले की मला रडू येतं, म्हणून हे लिहितेय.

काल साडेदहाला नेहमीसारखी लाटत होते. तुझ्याकडे बघताना एकदम लक्षात आलं. मी लाटते, तू भाजतेस, सगळ्या जेवतात. मग डबे निघतात, आणि तू दोन वाजता कोपऱ्यात बसून उरलेली गार पोळी खातेस. चौदा वर्षं! जिच्या एका वाक्यावर हे सगळं सुरू झालं, तिलाच गरम पोळी कधी मिळाली नाही. आणि मी तुला ऐकवलं, एवढं केलं म्हणून.

तू जाऊ नकोस, असं मी म्हणणार नाही. तुझं केंद्र झकास चालेल, कारण तुझ्याकडच्या बायका जेवल्या का हे तू कुणी न सांगता बघशील. फक्त शनिवारी, तुझ्या शेवटच्या दिवशी, साडेदहाला तू बेटीशेजारी खाली बस. लाटणार मी, भाजणारही मीच. करपेल, वातड होईल, चार कोपरे तर असतीलच. पहिली तुझ्या ताटात. तू म्हणशील, "सरका ताई, गॅस फुकट जातोय." म्हणशीलच, ठाऊक आहे मला. तरी एकदा बस ना गं.

तुझीच ऋणी,
अनुपमाताई