तेरावा हात

कॅन्सस सिटी, २६ सप्टेंबर १९३२

ती. अल्मीडाताईस,
सा. न. वि. वि.

पुढच्या शनिवारी नाचघरवाले आमचा बँड ऐकणार. पसंत पडलो तर हिवाळाभर काम. नाहीतर या मंदीत बँड मोडलाच म्हणून समज. लोकांना आता स्विंग, ते झुलत्या तालाचं संगीत, हवंय. आमचे गडी म्हणतात, थॅड मामांच्या खर्जातल्या पितळी भोंग्यावर नाचणाऱ्यांचे पाय उचलत नाहीत, त्यांच्या जागी बेस हे माणसाएवढं तंतुवाद्य छेडणारा घ्या. आमच्यात मालक नाही. हात वर करून ठरतं. सहा इकडे, सहा तिकडे. तेरावा मी. मामा शेजारीच भोंगा पुसत बसलेत. घरात शिकलेली तू एकटी. काय करू, सांग.

तुझा,
ओर्व्हिल

मस्कोगी, २८ सप्टेंबर

चि. ओर्व्हिल,
अनेक आशीर्वाद.

मामांनी मिरवणुकांत तो भोंगा वाजवून फी भरली म्हणून मी कॉलेजात गेले. पण बाबांना जन्मात एकदाही मत देऊ दिलं नाही रे, काळे म्हणून मतदानाच्या पायरीवरूनच हाकललं. तुझ्याकडे मत आहे, ते नात्याला वाहू नकोस. कान सांगतील तेच हाताला करू दे. फक्त मामांच्या पाठीमागे नको. आधी तोंडावर सांग, हवं तर माझं नाव घेऊन. उत्तर येईपर्यंत मला घास गोड लागणार नाही. मामांना जप. माझ्यावरचा लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई

कॅन्सस सिटी, ९ ऑक्टोबर

चि. अल्मीडा,
मामाचा आशीर्वाद.

ओर्व्हिलची जीभ वळेना, म्हणून त्यानं तुझं पत्रच माझ्या हातात दिलं. मला वाचायला तू शिकवलंस, आणि वाचायला मिळालं ते हे! दोन दिवस भोंगा पुसायला त्याच्यापासून लांब बसलो. त्याला विचारलं एवढंच, की या पदवीधर बाईला आधी अक्कल कोणी शिकवली होती?

बेससाठी मत घ्यायच्या वेळी त्याचा हात मांडीवरून हलेना. मीच मनगट धरून वर केला. दुसऱ्या बाजूला, भोंग्यासाठी, माझाही.

काल काम मिळालं त्यांना. मी गुरुवारी घरी येतो. भोंग्याला कोपरा रिकामा कर आणि दारात रडत उभी राहू नकोस.

तीस वर्षं लोकांना नाचवलं, पण मांडीवर भोंगा असलेला माणूस नाचणार कसा? काल बेस सुरू झाला आणि मी भिंत सोडली. वाईट नाचलो, पण नाचलो.

लोभ आहेच. राग थोडा उरलाय, तो येताना घेऊन येतो.

तुझा,
थॅड मामा