फलकावरच्या फोटोची डावी बाजू

प्रति,
मा. अधीक्षक,
उद्याने व क्रीडांगणे विभाग,
मुख्य कार्यालय, दुसरा मजला.

विषय : स्केटपार्कच्या प्रवेशद्वारावरील फलकात वापरलेल्या छायाचित्राचा कापलेला डावा भाग सुनावणीपूर्वी मिळणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज.
२) त्यांना आपल्या कार्यालयाने दिलेली तीन उत्तरे, एकमेकांशी न जुळणारी.

महोदय,

१. अर्जदार हा एकसष्ट वर्षांचा निवृत्त छायाचित्रकार आहे. सदतीस वर्षे त्याने ओळखपत्रांचे फोटो काढले. गिऱ्हाईक स्टुलावर बसवायचे, हनुवटी जरा वर म्हणायचे, हलू नका म्हणायचे आणि कडा कापून प्रती पाकिटात घालून द्यायच्या, एवढाच त्याचा धंदा. दुकान बंद झाल्यावर तो दिवसभर घरात बसून पत्नीच्या प्रत्येक कामात नाक खुपसू लागला. "कुठंही जा, पण जा," असे तिने अक्षरशः हात जोडून सांगितले. जन्मभर न हलणारी माणसे टिपली, आता हलणारी टिपू, असे मनाने घेऊन अर्जदार कॅमेऱ्यासह स्केटपार्कवर जाऊ लागला.

२. तेथे त्याला शिकवणारी मुलगी चोवीस वर्षांची असून चष्म्याच्या दुकानात काचा बसवण्याचे काम करते. चाकांच्या बोर्डवर गिरक्या घेते म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणतात. अर्जदार लांब उभा राहून फोटो काढतो हे पाहून तिने त्याला सरळ सिमेंटवर पालथे झोपवले. "काका, जवळ या. लांबून काय मिळणार तुम्हाला?" जवळ गेल्यावर पहिल्याच आठवड्यात कोणाचा तरी सुटलेला बोर्ड नडगीवर बसला व हाड दिसले. दुसऱ्या आठवड्यात चाक थेट भिंगावर आदळले, कॅमेऱ्याची कड भुवईत घुसली आणि भिंगावर कायमचा ओरखडा राहिला. तो प्रत्येक चित्रात वर उजव्या कोपऱ्यात येतो. तेथे रक्ताचे कोणाला काही वाटत नाही. दात ओठातून आरपार गेला तरी मुले थुंकतात आणि पुन्हा रांगेत उभी राहतात. माणूस पडू लागला की अर्जदार कॅमेरा खाली करी, यावर भिंगरी फार चिडायची. "पडताना बटन सोडायचं नाही, काका. पडणंपण आमचंच आहे, तेपण घ्या." महिनाभरात बोटाला ती सवय लागली.

३. या मंडळींची एक रीत आहे. अवघड उडी कोणाला साधली की ते टाळ्या वाजवत नाहीत, आपापला बोर्ड उभा धरून जमिनीवर आपटतात. दिनांक ४ रोजी सायंकाळी सव्वीस वेळा पडल्यावर सत्ताविसाव्या वेळी भिंगरीची उडी जमली आणि दहा-बारा बोर्ड एकदम सिमेंटवर वाजू लागले. आपण नवीन नेमलेल्या सुरक्षारक्षकांचा तो पहिलाच दिवस होता. जमाव हत्यारे आपटत अंगावर येत आहे, असा त्यांनी समज करून घेतला. एका शब्दाने न विचारता पाच जण काठ्या घेऊन आत शिरले. इतक्या आनंदाच्या आवाजाला इतक्या काठ्या पडलेल्या अर्जदाराने कधी पाहिल्या नव्हत्या.

४. अर्जदाराने तेव्हा काढलेली एकेचाळीस चित्रे त्याला तोंडपाठ आहेत. पहिल्या चित्रात हसत बोर्ड आपटणाऱ्या दाढीवाल्याच्या कानावर काठी येत आहे. तिसऱ्यात तो कान फाटून लोंबत आहे. सातव्यात दाढीवाला खाली असून त्याच्या मनगटावर बूट आहे. भिंगरी त्या वेळी पलीकडच्या उतारावरून पुन्हा उडी घ्यायला निघाली होती, तिला यातले काही दिसले नव्हते. अकराव्या चित्रात ती हवेत आहे, बोर्ड तिच्या पायांखाली आहे आणि डावीकडून रक्षकप्रमुखाने दोन्ही हातांनी घातलेली काठी तिच्या उजव्या गुडघ्यात रुतली आहे. बाराव्यात बोर्ड सुटून रक्षकप्रमुखाच्या कपाळावर लागला आहे. तेथून शेवटपर्यंत ती सिमेंटवर पडलेली आहे आणि काठ्या चालूच आहेत, पाठीवर, हातांवर, पुन्हा त्याच गुडघ्यावर. गुडघ्याच्या वाटीचे तीन तुकडे झाल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. एकेचाळिसाव्या चित्रानंतर रक्षकांनी कॅमेऱ्यातील कार्ड काढून घेतले व "काळा प्लॅस्टिकचा तुकडा, एक नग" अशी पावती दिली. तीही जोडली आहे.

५. आपल्या अहवालानुसार भिंगरीने बोर्ड फेकून रक्षकप्रमुखावर हल्ला केला आणि रक्षकांनी केवळ स्वतःचा बचाव केला. सुनावणी १८ तारखेला आहे. दोषी ठरल्यास ती दवाखान्याच्या खाटेवरून थेट तुरुंगात जाईल. कार्ड हरवल्याचे आपले कार्यालय सांगते. मात्र काठी आधी आणि बोर्ड नंतर हे दाखवणारे अकरावे चित्र हरवलेले नाही, ते आपण नऊ फूट उंचीचे करून प्रवेशद्वारावर लावले आहे. त्याखाली "मोकळी झेप, सुरक्षित मैदान" असे छापले आहे. भिंगरीचे किंचाळायला उघडलेले तोंड लोकांना हसरे वाटते, आणि आया आपल्या लेकरांना त्यापुढे उभे करून फोटो काढतात. रक्षकप्रमुख, काठी आणि तिचा उजवा गुडघा असलेला चित्राचा डावा एक तृतीयांश भाग कापलेला आहे. अर्जदाराने हयातभर फोटोच कापले, कात्री कोठे चालली हे त्याला दुसऱ्याने सांगावे लागत नाही. वर उजव्या कोपऱ्यातला ओरखडा तर नऊ फुटांत हाताएवढा दिसतो.

६. यावर आपल्या कार्यालयाचे पहिले उत्तर असे की, सदर छायाचित्र पूर्ण असून त्यास डावा भाग नाही. दुसरे असे की, डावा भाग फलकाच्या मापात बसत नसल्याने नष्ट करण्यात आला. तिसरे असे की, डावा भाग गोपनीय असून तो हवा असल्यास त्याची एक प्रत अर्जासोबत जोडावी. तिन्ही उत्तरांवर सही एकाच हाताची आहे. आपल्या टेबलावरील लिपिकबाईंनी तर कमालच केली. "अहो काका, उजवी बाजू किती छान आलीय! त्यातच समाधान माना ना," असे त्या म्हणाल्या. अर्जदाराला त्या क्षणी त्यांचे टेबल उलथून टाकावेसे वाटले, हे तो लपवत नाही.

७. शेवटी अर्जदाराने डावा भाग स्वतः कोळशाने मोठ्या कागदावर काढून फलकाशेजारी चिकटवला. चित्रकला त्याला येत नाही. काठी झाडूसारखी झाली आणि दुपारपर्यंत येणारे-जाणारे मैदानाच्या स्वच्छतेचे कौतुक करत राहिले. सायंकाळी दोन रक्षकांनी अर्जदाराला धरून त्याचा उजवा हात लोखंडी फाटकाच्या फटीत घातला आणि फाटक लावले. तर्जनी दोन ठिकाणी मोडली. दुसऱ्या दिवशी शासकीय मालमत्ता विद्रूप केल्याची नोटीस घरी आली. हा अर्ज डाव्या हाताने लिहिला आहे, अक्षराबद्दल क्षमा असावी.

८. आता जे अर्जदाराने आधीच्या तीन अर्जांत लिहिले नाही ते. दवाखान्याच्या व्हरांड्यात सर्व हकीगत ऐकून पत्नीने एकच विचारले, "ती पोरगी मार खात होती तेव्हा तुम्ही काय करत होतात?" अकराव्यापासून एकेचाळिसाव्यापर्यंत पन्नास सेकंद गेले. अर्जदार तिच्यापासून दोन हातांवर होता. त्याने कॅमेरा टाकला नाही, मध्ये पडला नाही, ओरडलासुद्धा नाही. बोट बटन दाबत राहिले, आणि सगळी चित्रे स्वच्छ आली. सूर्य पाठीशी होता. त्यामुळे कापलेल्या डाव्या भागात खालच्या बाजूला, रक्षकप्रमुखाच्या बुटांना टेकलेली, अर्जदाराचीच सावली आहे. गुडघे टेकलेले, हातांची कोपरे बाहेर, कॅमेरा डोळ्याला. तो भाग सुनावणीत आला तर भिंगरी सुटेल आणि अर्जदार सगळ्यांना दिसेल, हे त्याला पक्के ठाऊक आहे. खरे सांगायचे तर पहिल्या अर्जात त्याने फक्त काठीपुरताच तुकडा मागितला होता. त्याची त्याला लाज वाटते.

तरी विनंती की, डावा भाग सावलीसह, अजिबात न कापता, १८ तारखेच्या आत सुनावणीपुढे ठेवावा व त्यावरून अर्जदाराविरुद्ध जे नोंदवायचे ते नोंदवावे. त्या पन्नास सेकंदांत भिंगरीने दोनदा "काका" अशी हाक मारली. ती हाक कोणत्याही चित्रात आलेली नाही, म्हणून अर्जदार ती येथे लिहून देत आहे.

वरील मजकूर खरा असल्याचे लिहून देणारा,
आपला नम्र,
(डाव्या हाताची सही)
अर्जदार
दिनांक १२