सोळावी खुंटी

स्टुटगार्ट, १२ जानेवारी २०१५

ती. एर्मेते मामांस, फिओरेंझाचा सा. न. वि. वि.

आईला आता जिना चढवत नाही आणि इटलीत, लुमेझ्झानेत परतल्यापासून ती एकटी आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. बाबा गेल्यापासून इथे माझंही मन लागत नाही. म्हणून परत विचारते, तुमच्या नळांच्या कारखान्यात मला घ्या. मी इथे नवी यंत्रं बसवते आणि माझ्या मामाकडे अजून आजोबांच्या वेळचं लेथ मशीन! पुन्हा पंधराचा पाढा म्हणू नका. लोभ आहेच, तो वाढवणं तुमच्या हातात.

तुमची,
फिओरेंझा

लुमेझ्झाने, २६ जानेवारी

चि. फिओरेंझा हिस मामाचे अनेक आशीर्वाद.

पाढा माझा नाही, सरकारचा आहे. सोळावा माणूस ठेवला की कायदा बदलतो. मग कुणाला काढलं तर कोर्ट त्याला परत आणून माझ्या उरावर बसवणार. कामगारांच्या कोटांच्या खुंट्या पंधरा, पंधराही भरलेल्या. परवा मोठी ऑर्डर आली, तीही परत पाठवली. बाप्तिस्ता कुरकुरला की मालक, माणसं वाढवा. त्याला म्हटलं, तू आधी तोट्या नीट घास. तुझ्या आईला, देल्फिनाला, रविवारी मक्याच्या पिठाची पोलेंता नेऊन देतो. रागावू नकोस, लोभ असू दे.

तुझा मामा

स्टुटगार्ट, ९ मार्च

ती. मामांस सा. न. वि. वि.

पेपर वाचलात ना? परवापासून नवा कायदा लागू झाला. नव्या माणसाला काढलंत तर बहुतेक वेळा भरपाई देऊन सुटाल. आता सोळा काय नि साठ काय! खोली सोडणार की नाही, ते मला महिनाअखेरीस सांगायचंय. मी नको असेन तर तसं म्हणा, पण आकडा पुढे करू नका. बाबांनाही हेच सांगितलंत, म्हणून तर आम्ही इथे आलो.

फिओरेंझा

लुमेझ्झाने, २० मार्च

चि. फिओरेंझास आशीर्वाद.

आठ दिवस कागद घेऊन बसतोय. कायदा गेला आणि मी उघडा पडलो. आजवर कितीजणांना नाही म्हटलं आणि खापर सरकारवर फोडून निवांत जेवलो. सत्त्याऐंशी साली तुझा बाप आला, टोपी हातात घेऊन. मी म्हटलं, पंधरा झाले. झाले नव्हते. चौदाच होते. तुझ्या बापाच्या, एलिओच्या हातात माझ्याहून जास्त कसब होतं. चार दिवसांत माणसं मला सोडून त्याला विचारू लागली असती. देल्फिनाला हे अजून माहीत नाही. फार लाज वाटते, पोरी.

सोळावी खुंटी ठोकली आहे. लोभ ठेव म्हणायला तोंड नाही.

एर्मेते

स्टुटगार्ट, २८ मार्च

मामा,

उन्हाळ्यात गावी आलो की तुमच्या दारावरून जाताना बाबा दरवर्षी म्हणायचे, एक जागा असती तर! तुमच्याबद्दल वाईट शब्द कधी काढला नाही. मला मात्र भयंकर राग आलाय आणि तो सामानाबरोबर घेऊन येतेय. तेरा एप्रिलला सकाळी कामावर हजर होईन. त्याआधी आईला तुम्ही सांगायचं, तिच्यासमोर बसून.

सोळावी खुंटी मला नको. बाबा आले त्या वर्षी रिकामी होती ती द्या. तिच्यावर आज ज्याचा कोट असेल, त्याला नवी द्या.

एलिओची,
फिओरेंझा